चिचबर्डीचे शेणभुंगे

मैत्रिणीच्या आईचा फोन आला, "पाणी आला बाई, चांगला दणकून आला. ये आता." या फोनची मी मेच्या अखेरीपासून वाट पाहत होते. मृग लागून आठवडा झाला होता. कडक उन्हाळ्यात शेणभुंगे जमिनीत खोल दडून असतात आणि पहिला भिजवणारा पाऊस झाला की दोन-चार दिवसांत भराभर वर येतात. त्यामुळे या प्रवासाची तारीख आधी ठरवताच येत नाही. रजेचा अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे नागपूरहून एसटी धरली.

बाजारगाव, कोंढाळी, मग कारंजा घाडगे. तिथून आर्वीच्या अंगाला आत जायचं. वर्धा जिल्ह्याचा हा भाग मी मुद्दाम निवडला, कारण हा गवळाऊ गाईंचा मुलूख आहे. पांढऱ्या-करड्या रंगाची, अंगाने हलकी आणि पायाने चपळ अशी ही इथली जात. जिथे गाई अजून गोठ्यात बांधून न ठेवता रानात चरायला नेतात, तिथे शेणभुंग्यांना पोटभर काम असतं. शेजारीच बोर व्याघ्र प्रकल्प आहे, पण तिकडे मी भुंगे गोळा करायला जात नाही. संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय किडासुद्धा उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं सगळं काम गावाच्या पडीत जमिनीवर, शेताच्या धुऱ्यावर आणि आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या जागेवर चालतं.

सकाळी आखरावर पोचले तेव्हा गायकी बाबाजी, म्हणजे गावचे गुराखी, ढोरं गोळा करत होते. मी शेणाच्या एका पोवाजवळ बसून काडीने उकरायला लागले, तसे ते काठी टेकून उभे राहिले.

"शेणात काय पाहून राह्यल्या ताई?"

"भोंगे पाहते, बाबाजी."

"हा तर कालचा पो हाय. वरून वाळला. यात काई नाई भेटणार तुमाले. ढोरांमागं चाला, गाय उठली की लगेच पाहा."

मी त्यांच्यामागे निघाले. गावाबाहेर गवताळ चढण आहे, अधूनमधून पळस आणि बाभळी. एका गाईने शेण टाकलं आणि मी घड्याळ लावून बसले. तिसऱ्या मिनिटाला पहिला भुंगा आला. भुर्रकन आला, थोडा पलीकडे पडला, सावरला आणि थेट चालत शेणात घुसला. पंधरा मिनिटांत तो पो आतून हलत होता. वरच्या सायीला बारीक भोकं पडली, कडेचं शेण उचलल्यासारखं वर-खाली होऊ लागलं. हे दृश्य मी आठ वर्षांपासून दर पावसाळ्यात पाहते आणि अजून दर वेळी तिथून उठवत नाही.

शेणभुंग्यांचे राहण्याचे तीन प्रकार. काही शेणातच राहतात आणि तिथेच अंडी घालतात. काही पोवाच्या बरोबर खाली बीळ खणून शेण आत ओढून नेतात. आणि काही शेणाचा गोळा करून तो दूर ढकलत नेतात. हे गोळेवाले लोकांना जास्त ठाऊक, पण दिसायला भाग्य लागतं. त्या सकाळी दिसले. जिम्नोप्ल्यूरस या प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातले, काळपट, नखाएवढे. पंखकवचाच्या कडेला, खांद्याच्या जरा मागे एक खाच असते, त्यावरून ती प्रजाती भिंगाशिवायही ओळखू येते. एक भुंगा डोकं खाली, पुढचे पाय जमिनीवर आणि मागच्या पायांनी गोळा रेटत उलटा चालला होता. गोळा गवताच्या बुडख्याला अडला. तो वर चढला, गोल फिरला, पुन्हा उतरला आणि आधीच्याच दिशेने रेटायला लागला. गोळ्यावर चढून हे भुंगे आकाश पाहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या रात्री फिरणाऱ्या एका जातीवर प्रयोग झाले, त्यात हे किडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ रेषा धरतात असं 2013 साली सिद्ध झालं. बाबाजींना हे सांगितलं. ते बराच वेळ त्या किड्याकडे बघत राहिले. "आमी बी रातच्याला चांदण्या पाहूनच वाट धरत होतो," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मला आठ वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. काल रात्रीच्या एका पोवाला त्यांनी वळसा घातला. एका कडेला लालसर ओल्या मातीची मूठभर ढेरी होती. "माती वर आली न, म्हणजे तो खाली हाय." काठीच्या लोखंडी टोकाने त्यांनी तिथेच खणलं. वीतभर खाली काळा, जाडजूड, अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा, डोक्यावर एक शिंग. कॅथार्सियस मोलोसस, नर. मी इतकी वर्षं शेण बादलीभर पाण्यात टाकून जे वर तरंगेल ते टिपत आले. ती रीत बरोबरच आहे, पण तिच्यात जमिनीखाली गेलेला किडा हाती लागत नाही. त्यानंतर आम्ही फक्त मातीच्या ढेऱ्या शोधत फिरलो. दोन नर ठेवले. एका बिळात मादी शेण दाबत बसली होती, ते बीळ तसंच बुजवलं.

पूर्वी गावच्या ढोरांना दोन गायकी लागायचे, आता ते एकटेच पुरतात, असं बाबाजी म्हणाले. शेत ट्रॅक्टरने नांगरलं जातं, गोऱ्हे विकले जातात. ढोरं कमी झाली की शेण कमी आणि शेणावर जगणारं सगळंच कमी. त्यात जंतासाठी ढोरांना आयव्हरमेक्टिन देतात, त्याचा अंश शेणात उतरतो आणि भुंग्यांच्या अळ्या त्यात मरतात. औषध बंद करा असं मी म्हणत नाही. पण सगळ्या कळपाला एकाच दिवशी देण्याऐवजी गरज असेल त्याच जनावराला दिलं, तर काही पो तरी निर्धोक राहतात. भुंगे नसले की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने भोगलंय. तिथले भुंगे कांगारूंच्या लेंड्यांना सरावलेले, गाई मात्र बाहेरून आणलेल्या. शेण कुरणावर तसंच वाळत राहिलं, माश्या बेसुमार झाल्या. शेवटी 1960 च्या दशकात त्यांना परदेशांतून शेणभुंगे आणून सोडावे लागले. आपल्या पडीत जमिनीवर ते फुकट राबतात.

दुपारी मैत्रिणीच्या घरी काकूंनी भाकर आणि तुरीच्या दाळीचं वरण वाढलं. रात्री अंगणात दोरीवर पांढरी चादर टांगून समोर दिवा लावला. पहिली गर्दी तपकिरी भुंगेऱ्यांची झाली. काकाजींनी दुरूनच ओळखलं, "हुमणीचे हायत." ही ओळख कास्तकाराला नुकसान सोसून झालेली असते, कारण यांची अळी मुळं खाते. पहिल्या पावसानंतर हे संध्याकाळी निंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून खाली पाडायचे आणि घासलेट घातलेल्या पाण्यात टाकायचे. गावातल्या पोरांनी तासाभरात डबा भरला. मग चादरीवर टिचकी मारून उलटा सुलटा होणारा किडा आला, एक गेंड्या भुंगा धपकन आपटला, आणि लाईट गेली ती गेलीच.

उरलेलं काम टॉर्चच्या उजेडात केलं. दहापट भिंगाखाली मिशा पाहायच्या. शेणभुंगा, हुमणी, गेंड्या या सगळ्यांच्या मिशीच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारखी घडी असते, म्हणजे एकच मोठं घराणं. नंतर पायाच्या टोकाची पेरं मोजायची. बहुतेकांची पुढे-मधे-मागे पाच-पाच-पाच, पण तुरीच्या फुलांवरच्या हिंग्यांची पाच-पाच-चार. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे 4 लाख जातींची नोंद झाली आहे, तरी एवढ्या दोन खुणांनी अर्धा गोंधळ मिटतो. ऑन्थोफॅगस या बारक्या शेणभुंग्यांपाशी मात्र मी थांबते. त्यासाठी ॲरो या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांचा शेणभुंग्यांवरचा 1931 चा खंड उघडावा लागतो, आणि तरीही कित्येकदा नराचा जननेंद्रियाचा भाग तपासल्याशिवाय जात पक्की होत नाही. अशा किड्याला मी प्रजातीपर्यंतच नाव देते. अंदाजाने पुढचं नाव लावलं की ती चूक पुढे कुणीतरी खरी मानून चालतं.

टाचणी नेहमी उजव्या पंखकवचातून घालायची. त्यामुळे मधली रेघ आणि डावी बाजू तपासायला शाबूत राहते. टाचणीखाली चिठ्ठी. सुरुवातीच्या दोन वर्षांतले माझे चाळीसेक भुंगे चिठ्ठीविना आहेत. कुठे मिळाले, कधी मिळाले, काही लिहिलं नव्हतं. सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून कुठल्याही गावाबद्दल काही सांगता येत नाही. तेव्हापासून किडा हातात आला की आधी वही उघडते.

सकाळी निघताना आखरावर गेले. कॅथार्सियसच्या चिठ्ठीवर जागा लिहायची होती आणि नकाशावर त्या चढणीला नावच नव्हतं.

"बाबाजी, काल आपण खणलं त्या जागेला काय म्हणता?"

"चिचबर्डी. आता चिच नाई तिथं. माह्या लहानपणी होती."

मी लिहिलं: चिचबर्डी, गावाचं नाव, ता. कारंजा, जि. वर्धा, तारीख, कालच्या शेणाखाली वीतभर खोल. शेवटच्या ओळीत कोणी गोळा केलं त्याचं नाव घालायचं असतं. तो भुंगा मी शोधलेला नव्हता. बाबाजींना पूर्ण नाव विचारलं, त्यांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं, आणि वाळूच्या कणाएवढ्या अक्षरात मी ते त्या ओळीत लिहून घेतलं.