छत्री अखेर कागदावर उतरली

जिन्यावरच्या छत्रीचा फोटो आमच्या सामूहिक पुस्तकासाठी निवडला गेल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आज पुस्तक हातात आलं. सकाळपासून तेच एक पान उघडून बसलेय.

फाइल पाठवली की झालं, असं मी धरून चालले होते. पण पहिलं प्रूफ (छपाईआधीची चाचणी प्रत) आलं आणि त्यात छत्रीच नव्हती!

ज्यांनी फोटो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: पहाटेचा अंधुक जिना, कठड्यावर उजेडाची तिरपी पट्टी आणि अगदी डाव्या कडेला पायरीला टेकवलेली ओली, मिटलेली काळी छत्री. कॅमेरा उचलला तो उजेड बघून, पण फोटो त्या छत्रीचा आहे. प्रूफमध्ये तो सगळा कोपरा काळ्या शाईचा गोळा झाला होता.

चूक माझ्याकडची. मी मॉनिटर फार उजळ ठेवून एडिट करायचे. पडदा उजळ असला की गडद भागातलंही सगळं दिसत राहतं आणि आपण ते बिनधास्त आणखी खाली ओढतो. त्यात पुस्तकाचा कागद अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला. त्यात शाई मुरते, छपाईचे ठिपके फुगतात आणि जवळजवळचे गडद टोन एकमेकांत मिसळून जातात. डॉट गेन म्हणतात तो हाच.

मग कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) लावून पडद्याचा उजेड चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास आणला, छापखान्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागवलं आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील फोटो कसा दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज, चालू ठेवून पुन्हा बसले. आधी सगळ्याच शॅडोज, म्हणजे गडद भाग, उजळल्या, तर पहाटेची दुपार झाली. ते रद्द. नंतर फक्त खालच्या तीन पायऱ्यांवर मास्क घेऊन (बाकीचा फोटो झाकून) उजेडाचा कर्व्ह हलकेच वर नेला. ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) च्या मापात छत्रीचं कापड १० च्या आसपास होतं, ते ३० पर्यंत आणलं. पडद्यावर हे धुरकट वाटतं, पण मन घट्ट करून तसंच पाठवलं. दुसऱ्या प्रूफमध्ये छत्रीच्या घड्या मोजता आल्या.

रेझोल्यूशनची चिंता नव्हती. ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २० इंच रुंदी. अडचण आकाराची होती. आडव्या ए४ पानभर फोटो पसरायचा तर ३:२ फ्रेमची जवळपास ६ टक्के रुंदी जाते, ब्लीडचे (छापल्यावर कापून जाणाऱ्या कडेचे) ३ मिमी वेगळे. शिवाय माझं पान उजव्या हाताचं, म्हणजे छत्री नेमकी बाइंडिंगच्या खोबणीत. मी भोवती पांढरा समास सोडायची विनंती केली. फोटो लहान झाला, पण पूर्ण राहिला.

समोरचं पान मात्र मी आज पहिल्यांदा पाहिलं. तिथे दुसऱ्या एका सहभागीचा फोटो आहे: फरशीवर उमटलेली ओली पावलं, उजवीकडे निघालेली. माझा जिना आजवर रिकामा होता. आता नजर त्या पावलांवरून छत्रीपाशी येते आणि वाटतं, कुणीतरी आत्ताच वर गेलं. आम्ही दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिलेले नव्हते. ही जोडी क्रम लावणाऱ्यांनी शोधली. फोटो छापून आल्यापेक्षा मला याचाच आनंद जास्त आहे.

या मालिकेतले आणखी चार फोटो आहेत. उद्यापासून तेही त्याच प्रोफाइलवर तपासायला घेते.