ईमेलमध्ये लिंक देताना

ईमेलमधून एखाद्या पानाची लिंक पाठवायची असली की बहुतेक जण ब्राउझरमधला पत्ता कॉपी करतात आणि मजकुराच्या शेवटी चिकटवून मोकळे होतात. त्याने काम भागते. पण पत्ता दोन-तीन ओळींचा असेल, तर वाचणाऱ्याची नजर त्या अक्षरांच्या जंजाळात अडकते. देवनागरी पत्त्यांच्या बाबतीत तर हे हमखास घडते. मराठी विकिपीडियावरच्या लेखाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वच्छ मराठीत दिसतो आणि ईमेलमध्ये चिकटवताच टक्क्यांच्या चिन्हांनी भरून जातो. याचे कारण असे, की यूटीएफ-८ या, अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढची दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. त्यामुळे ‘मराठी’ एवढा एक शब्द ४५ चिन्हांचा होतो. चार-पाच शब्दांच्या शीर्षकाचे काय होत असेल, ते यावरून कळावे.

म्हणून लिंक शब्दांमागे ठेवावी. ज्या शब्दांवर ती हवी ते निवडायचे, कंट्रोल आणि के ही बटणे एकत्र दाबायची (मॅकवर कमांड आणि के), आलेल्या चौकटीत पत्ता चिकटवायचा. जीमेल आणि आउटलुक या दोन्हींत हीच रीत चालते.

खरा विचार करायला हवा तो कोणते शब्द निवडायचे याचा. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द मला मुळीच पटत नाहीत, कारण त्यांतून पुढे काय उघडणार हे कळत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारे वाचक अनेकदा मजकुरातल्या फक्त लिंकची यादी ऐकतात. त्यांना पाच वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्याऐवजी ‘बैठकीचे इतिवृत्त’ किंवा ‘अर्जाचा नमुना, पीडीएफ’ असे लिहिले, की उघडायचे की नाही हे वाचणाऱ्याला आधीच ठरवता येते. मराठीत आणखी एक पथ्य आहे. ‘इतिवृत्तात’ असा प्रत्यय लागलेला शब्द असेल, तर लिंक प्रत्ययासकट पूर्ण शब्दाला द्यावी. आणि पत्ता उघडाच लिहिला असेल, तर त्याला ‘वर’ किंवा ‘मध्ये’ चिकटवून लिहू नये, कारण काही प्रोग्रॅम तो प्रत्ययही पत्त्याचाच भाग समजतात आणि लिंक उघडत नाही.

शब्द एक आणि मागचा पत्ता दुसराच, ही फसवणुकीच्या ईमेलची ओळखीची युक्ती आहे. त्यामुळे दिसणाऱ्या मजकुरात एखादा पत्ताच लिहिलेला असेल, तर मागेही तोच पत्ता असला पाहिजे, याबाबत कसलीही सवलत घेऊ नये. जुने ईमेल कॉपी करून त्यात बदल करताना हा घोटाळा नकळत होतो: वरचे शब्द बदलले जातात आणि मागचा पत्ता जुनाच राहतो. पाठवण्यापूर्वी प्रत्येक लिंकवर माउस नेऊन खरा पत्ता वाचावा. फोनवर लिंक दाबून धरली की तो दिसतो. पत्ता लहान करून देणाऱ्या सेवा याच कारणासाठी टाळाव्यात, कारण त्या मुक्कामाचे ठिकाण झाकून टाकतात.

काही जण ईमेल केवळ साध्या मजकुराच्या रूपात वाचतात किंवा लिहितात. तिथे शब्दांमागे काही ठेवता येत नाही. ईमेलच्या मानकात एका ओळीत ७८ चिन्हांपर्यंतच मजकूर ठेवावा अशी शिफारस आहे, त्यामुळे लांब पत्ता मध्येच तुटून अर्धाच निळा दिसू शकतो. अशा वेळी पत्ता स्वतंत्र ओळीवर, < आणि > या दोन कोनी कंसांत लिहावा. वेब पत्त्यांच्या २००५ सालच्या मानकातही हाच उपाय सुचवला आहे.

एवढे सगळे नीट करूनही लिंक उघडत नाही, असे उत्तर येते तेव्हा दोष बहुधा परवानगीचा असतो. गूगल ड्राइव्हवरची फाइल आपल्याला उघडता येते ती आपण आपल्या खात्यात शिरलेलो असतो म्हणून. समोरच्याला मात्र परवानगी मागण्याचे पान दिसते. फाइल कोणाकोणाला उघडता यावी हे शेअरच्या चौकटीत आधी ठरवावे. ज्याला लिंक असेल त्या प्रत्येकाला ती खुली ठेवायची असेल, तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे जिथे आपण खात्यात शिरलेलो नसतो तिथे, लिंक उघडून पाहावी. तिथे उघडली, की ईमेल पाठवायला हरकत नाही.