किमान की कमाल?

मर्चंट बँकिंगची, म्हणजे कंपन्यांना शेअर विकून भांडवल उभारून देण्याच्या कामाची, परीक्षा देणारी चार-पाच मुले रविवारी सकाळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी येतात. खानापूर, निपाणी भागातली ही मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि पदवी त्यांनी इंग्रजीतून घेतली. नियम त्यांना पाठ असतात. अडते ते ‘नॉट लेस दॅन’ आणि ‘नॉट मोअर दॅन’ यांपाशी. पहिल्या प्रयत्नात माझेही गुण तिथेच गेले होते, म्हणून मी फळ्यावर आधी ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे शब्द लिहितो आणि मगच टक्केवारीकडे वळतो.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१८ च्या आयसीडीआर, म्हणजे भांडवल उभारणीच्या, नियमावलीत हीच गोम आहे. बुक बिल्डिंगने, म्हणजे बोली मागवून किंमत ठरवत, आयपीओ आणणारी (लोकांना पहिल्यांदाच शेअर विकणारी) कंपनी मागील तिन्ही वर्षे परिचालन नफ्यात, म्हणजे मुख्य धंद्यातल्या नफ्यात, असेल, त्या नफ्याची सरासरी किमान १५ कोटी रुपये असेल आणि मालमत्तेच्या व नेटवर्थच्याही (देणी वजा जाता उरणाऱ्या मूल्याच्या) अटी ती पूर्ण करत असेल, तर पात्र संस्थात्मक खरेदीदारांना (म्युच्युअल फंड, बँका वगैरेंना) कमाल ५० टक्के, बिगर-संस्थात्मक (मोठ्या रकमेच्या इतर) गुंतवणूकदारांना किमान १५ टक्के आणि किरकोळ (लहान रकमेच्या) गुंतवणूकदारांना किमान ३५ टक्के शेअर राखले जातात. या अटींत न बसणाऱ्या कंपनीच्या बाबतीत मात्र सगळे उलटते: संस्थांना किमान ७५ टक्के, बिगर-संस्थात्मकांना कमाल १५ टक्के, किरकोळांना कमाल १० टक्के. संस्थांचे ७५ टक्के भरले नाहीत, तर सर्व अर्जदारांचे पूर्ण पैसे परत करावे लागतात. मधला १५ चा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, फक्त किमानचा कमाल होतो, आणि प्रश्न काढणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

“तोट्यातली कंपनी असली की साध्या माणसाला कमी का, सर?” निपाणीच्या एका मुलीने विचारले. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत काम करतात. मी तिलाच विचारले, की नवखा व्यापारी अनोळखी माल केव्हा उचलतो? पान चोळून, वास घेऊन पारखणाऱ्यांनी बोली लावल्यावर, असे ती म्हणाली. मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

२०११ च्या टेकओव्हर, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ताबा घेण्याच्या, नियमांतले २५ आणि २६ हे आकडे त्यामानाने सोपे आहेत. २५ टक्के मतदान हक्क हाती आले की बाकीच्या भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव, म्हणजे खुला देकार, द्यावा लागतो, आणि बेरीज ५१ होते, म्हणजे साधे बहुमत.

कॉर्पोरेट फायनान्समध्ये मात्र मुले भांडवलाच्या, म्हणजे कर्ज आणि मालकाचा पैसा मिळून, सरासरी खर्चापाशी हमखास अडतात. उद्यमबागेत वडिलांची फाउंड्री असलेला एक मुलगा म्हणतो, “घरच्या पैशाला कसला खर्च?” त्यामुळे त्याच्याच वहीत उदाहरण मांडले. कर्ज ६० टक्के, व्याज १० टक्के. कर २५ टक्के धरला तर व्याजावर तेवढा कर वाचतो, म्हणून करोत्तर खर्च साडेसात. मालकाचे भांडवल ४० टक्के. तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात त्या पैशावर १६ टक्के सुटले असते, म्हणून त्याचा खर्च १६. भारित सरासरी ४.५ अधिक ६.४, म्हणजे १०.९ टक्के. नव्या भट्टीचा परतावा १० टक्के असेल, तर बँकेचे हप्ते वेळेवर जातील, फाउंड्री नफ्यातही दिसेल, आणि तरीही मालकाचे नुकसान होईल. मुलाने गणित दोनदा तपासले. वडिलांना दाखवू का, असे त्याने विचारले तेव्हा भट्टीची ऑर्डर गेली आहे का, एवढेच मी विचारले. गेली होती.