ढोलाला सरावलेले आणि न सरावलेले मासे

गणपतीच्या आधी आमच्या गंगापूर रोडच्या लॅबमागे ढोलपथकाचा सराव सुरू होतो. नाशिकचा ढोल कानापेक्षा जमिनीतूनच जास्त पोचतो, हे कळायला लॅबमध्ये बसावं लागतं.

त्या संध्याकाळी ९६ खणांच्या प्लेटमध्ये सहा दिवसांची झेब्राफिशची पिल्लं होती. मेंदूच्या जडणघडणीतला एक जीन आम्ही क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या साधनाने, मोडलाय. सकाळी दिवे लागले की नर-मादीमधला पडदा काढायचा, अंडी गोळा करायची आणि पहिली पेशी दुभंगायच्या आत, म्हणजे जेमतेम पाऊण तासात, काचेच्या सुईने एकेका अंड्यात क्रिस्परचं मिश्रण सोडायचं. सुईचं टोक चिमट्याने जरा जास्त तुटलं की अंडं फुटतं. हे हात बसायला महिने जातात, आणि पाहुणे विचारतात, "हे खायला कसे लागतात?" माणसाच्या सुमारे ७० टक्के जीन्सचे भाऊबंद या बोटाएवढ्या माशात सापडतात, हे सांगेपर्यंत ते निघालेले असतात.

जीनच्या दोन प्रती असतात, आणि ही पिल्लं त्यातली एकच प्रत मोडलेल्या जोड्यांची. त्यामुळे साधारण पाव पिल्लांत दोन्ही प्रती मोडलेल्या. कुठली, ते व्हिडिओ संपल्यावर पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, केल्यावरच कळतं.

पहिल्या ठोक्याला अख्खी प्लेट दचकली. थोड्या वेळात बहुतेक पिल्लं सरावली. काही मात्र दर ठोक्याला दचकतच राहिली. नेमकं हेच आम्ही दुसऱ्या दिवशी सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेने हलणाऱ्या दांडीच्या, टकटकीने मोजणार होतो!

पीसीआरमध्ये दचकणारी बहुतेक दोन्ही प्रती मोडलेली निघाली. पण त्यांतल्या दोघांचा जीन अगदी धडधाकट होता. पुन्हा तपासलं, उत्तर तेच.

सर म्हणाले, "त्या संध्याकाळची नोंद टाकून दे." त्यांचं बरोबर आहे. दचकताना मासा काही मिलिसेकंदांत वाकून पळतो. ते टिपायला सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा लागतो आणि त्या संध्याकाळी साधा लावला होता. ढोलाची तीव्रता मोजलेली नाही. कडेच्या खणांना हादरा जास्त बसतो का, तेही कुणी पाहिलेलं नाही.

सोलेनॉइडवर फरक दिसला, पण फिका. टकटक एकसारख्या अंतराने पडते, ढोलाचा ताल मध्येच बदलतो. त्यातच काही असेल का? सर ढोलाचं नाव काढू देत नाहीत. मी पथकातल्या एका पोराकडून रेकॉर्डिंग मागून घेतलंय. आता प्लेटखाली बसेल असा स्पीकर शोधतेय. खरेदी विभागाला कारण काय लिहायचं, तेवढं ठरायचंय.