टी-टॉटची कबर नेमकी कुठं?

अटलांटाहून निघून अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागं जातं. बारा वर्षं इथं राहतोय, तरी हे मला ऐनवेळी कधीच आठवत नाही. आईला पहाटे उठवलं, थर्मासमध्ये चहा भरला, 'म्युझियम उघडायच्या वेळेला दारात पाहिजे' म्हणून घाई केली आणि आय-८५ महामार्गानं अडीच तास गाडी दामटून मॉन्टगोमेरीत पोचलो, तर दाराला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई म्हणाली, "शाळेत असताना एकदा रविवारी दप्तर घेऊन निघाला होतास, तसंच झालं हे."

म्युझियम हँक विल्यम्सचं, म्हणजे कंट्री म्युझिक या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या गायकाचं. आईला तो कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आई मिरजेची, सात वर्षं गाणं शिकलेली, त्यामुळे माझ्या गाडीत वाजणाऱ्या कंट्री म्युझिकवर तिचं मत एका शब्दात संपतं: "रडगाणं." मला मात्र या माणसाचं ऋण आहे. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात, रात्री पेट्रोल भरताना पंपावरच्या स्पीकरवर त्याचं एकटेपणाचं एक गाणं लागलं होतं. त्यात एक पक्षी होता, एक आगगाडी होती आणि पानांचं गळणं होतं. एकही शब्द असा नव्हता की जो तिसरीतल्या पोराला कळणार नाही. टाकी भरली तरी मी नळी हातात धरून उभा होतो.

तर मोकळा तास हाताशी होता, म्हणून आधी ओकवूड दफनभूमीत गेलो. हँकची कबर शोधावी लागत नाही. संगमरवराचे दोन उंच दगड, त्यावर कोरलेली गिटार, गाण्यांची नावं, आणि पायाशी दगडातच घडवलेली त्याची ती हॅट. भोवती हिरवळ छान राखलीय असं वाटलं, म्हणून वाकून हात लावला तर प्लास्टिक! चाहते आठवण म्हणून गवत उपटून न्यायचे, शेवटी कृत्रिम गवत घातलं. कुणी नाणी ठेवलेली, कुणी गिटारच्या नख्या, एक अर्धी रिकामी बाटलीही. दारूनं ज्याचा घात केला त्याला नैवेद्य दारूचाच. जवळच दुसऱ्या महायुद्धात इथं प्रशिक्षण घेताना गेलेल्या ब्रिटिश वैमानिकांच्या कबरी आहेत, एका ओळीत, सारख्या, नीटस. त्यांच्याकडे कुणी फिरकत नसावं.

"शेजारी कोण?" आईनं विचारलं.

"ऑड्री. त्याची बायको."

मग सगळं सांगावंच लागलं. १९५२ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. त्याच ऑक्टोबरात त्यानं दुसरं लग्न केलं, तेही न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात, तिकीट लावून, एकाच दिवशी दोन खेळ. आणि जेमतेम अडीच महिन्यांत तो गेला. १९७५ मध्ये ऑड्री वारली आणि तिला इथं त्याच्या शेजारी जागा मिळाली.

"आणि ती दुसरी?"

"ती नाही इथं."

आई बराच वेळ दगडाकडे बघत राहिली. "तिकीट लावून लग्न," ती पुटपुटली. नंतर दिवसभर तिला यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

म्युझियम उघडल्यावर परत आलो. सूट, टाय, बूट, पत्रं, हे सगळं असतंच. थांबायला लावते ती गाडी. १९५२ ची फिक्या निळ्या रंगाची कॅडिलॅक. ३० डिसेंबर १९५२ ला तो मॉन्टगोमेरीतून याच गाडीत निघाला. चालवायला कॉलेजातलं एक पोरगं, मागच्या सीटवर हा. जन्मापासून मणक्यात दोष, त्या दुखण्यावर दारू आणि इंजेक्शनं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री गाण्यांच्या गाजलेल्या रेडिओ-कार्यक्रमानं ऑगस्टमध्येच काढून टाकलेलं. ज्या मंचावर तीन वर्षांपूर्वी, ११ जून १९४९ ला, लोकांनी त्याच्याकडून एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं, तोच हा मंच. (गंमत म्हणजे ते गाणं त्यानं लिहिलेलं नव्हतंच.) बर्फवाऱ्यानं ३१ तारखेचा कार्यक्रम रद्द झाला. एक तारखेला ओहायोतल्या कँटनला गायचं होतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलला पोरानं मागं वळून पाहिलं, तर हा गार पडलेला. वय २९. त्या आठवड्यांत त्याचं जे गाणं वर चढत होतं, त्याचा अर्थ साधारण असा की या जगातून मी काही जिवंत सुटणार नाही. लिहिलं होतं विनोदी अंगानं.

गाणी लिहायला त्याच्याकडे जेमतेम सहा वर्षं होती. १९४६ मध्ये नॅशव्हिलला फ्रेड रोझ नावाच्या प्रकाशकाच्या कचेरीत गेला. स्वरलिपी वाचता येत नव्हती. रोझ त्याच्या ओळी तासून द्यायचा, कुठं शब्द बदल, कुठं कडवं फिरव. त्यातलं एक गाणं १९५१ मध्ये टोनी बेनेट या शहरी गायकानं व्हायोलिनांच्या ताफ्यासह म्हटलं आणि ज्यांनी कंट्रीला नाक मुरडलं होतं, त्यांच्या दिवाणखान्यात हा माणूस शिरला. २०१० मध्ये पुलित्झर समितीनंही विशेष सन्मान दिला. मेल्यावर ५७ वर्षांनी.

हे सगळं मी आईला ऐकवत होतो. तिनं मधेच तोडलं. "शिकला कुणाकडं?"

मिरजेच्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. मी सांगितलं. बाप आजारी, वर्षानुवर्षं इस्पितळात. आई लिली खाणावळ-कम-लॉज चालवायची. पोरगा शेंगदाणे विकायचा, बूट पुसायचा. तेव्हा रूफस पेन नावाचा एक काळा रस्त्यावरचा गवई भेटला, लोक त्याला टी-टॉट म्हणत. त्यानं याला गिटारवर बोटं ठेवायला शिकवलं. फी म्हणजे लिलीच्या हातचं जेवण किंवा चार चिल्लर सेंट. काळ्यानं गोऱ्याच्या पोराला उघड्यावर शिकवावं असा तो अलाबामा नव्हता. आपल्याला जे संगीत आलं ते त्याच माणसाकडून, हे हँक पुढं प्रसिद्ध झाल्यावर कबूल करत असे.

"मग त्याचा फोटो कुठाय?"

टी-टॉट १९३९ मध्ये याच शहरात गेला, गरिबीत. तेव्हा हँक सोळाचाही नव्हता. "त्याच्या कबरीवर जाऊ," आई म्हणाली, जणू ते वेळापत्रकात होतंच.

आधी जेवण. एक मांस, तीन भाज्या असा इथला थाळीचा प्रकार. शाकाहारी माणसानं यात भाजीवर विश्वास ठेवू नये, हे मी अनुभवानं सांगतो. पालेभाजीत डुकराचं मांस घालूनच ती शिजवतात आणि विचारलं तर "थोडंसंच, चवीला" म्हणतात. आईनं तळलेली भेंडी आणि मक्याची भाकरीवजा पावरोटी खाल्ली. वाढणाऱ्या बाईनं तिला 'हनी' म्हटलं आणि न मागता आणखी भेंडी आणली. आई खूश.

लिंकन दफनभूमी ही काळ्यांची. ओकवूडला पाटी होती. इथं गवत गुडघ्यापर्यंत, दगड कललेले, काही फुटलेले. प्रवेशाजवळ टी-टॉटच्या नावाचा दगड आहे, पुष्कळ नंतर बसवलेला. तो स्मारकाचा दगड. खाली तो नाही.

"मग नेमका कुठंय?"

"इथंच कुठंतरी. खूण नाही."

ऊन असं की डोळ्यांवर हात धरावा लागत होता. आई म्हणाली, "आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसाला खाँसाहेबांच्या नावानं केवढाले गवई येतात. दर्ग्यात बसून गातात, बिदागीचा विचार न करता." अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, म्हणजे या माणसाच्या दोनच वर्षं आधी. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि अख्खं गाव ती जागा बोटानं दाखवतं. आईनं गवताकडे एकदा इकडून तिकडं पाहिलं, नमस्कार कोणत्या दिशेला करायचा ते तिला ठरेना. शेवटी उजव्या हातानं कानाची पाळी धरली, आपले गवई गुरूचं नाव घेताना धरतात तशी, आणि गाडीकडे वळली. मी सावली शोधत होतो, मला काही सुचलं नाही.

दुसरा दिवस वंशभेदाच्या इतिहासाच्या संग्रहालयात गेला. त्यावर इथं लिहीत नाही, दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही. जॉर्जियाना या गावातलं हँकचं बालपणीचं घर राहिलंच. दक्षिणेला साठेक मैल, आणि आईचे गुडघे.

हँकच्या अंत्ययात्रेचं मात्र परतीच्या वाटेवर सांगितलं. ४ जानेवारी १९५३, सभागृह भरून बाहेर हजारो लोक, काळ्यांना बसायला वेगळी वरची गॅलरी आणि मंचावर गायला काळ्या गायकांची एक चौकडी. आई ऐकत होती की झोपली होती, कळेना. जॉर्जियाची हद्द आली, घड्याळ एक तास पुढं गेलं. मी हँकचं गाणं लावलं. या खेपेला 'रडगाणं' म्हणाली नाही.

"याच्या गुरुजींचं लाव की एखादं," ती म्हणाली.

"नाही."

"शोध ना त्या फोनवर."

"अगं, नाहीच. कुणी रेकॉर्डच केलं नव्हतं त्याला."