गाठ गोठवून जाते का?

हळदीकुंकवाला, एसटीत, कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराच्या पायरीवर, कुठंही माझ्या उजव्या कानाकडं बघत बायका हेच विचारतात: "तुमची गाठ म्हणे बर्फानं घालवली. जाती का वो खरंच?" ही गाठ म्हणजे केलॉइड, जखमेच्या जागी उठून वाढत जाणारा टणक वण. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

जाते. म्हणजे बसते, बरीचशी सपाट होते, खाज आणि ठणका कमी होतो. पाटीवरचं पुसल्यासारखं मात्र काही होत नाही. आणि जाताना ती कातडीचा रंगही घेऊन जाऊ शकते, हे कुणी विचारत नाही. आपण गव्हाळ-सावळ्या लोकांनी खरं तर आधी तेच विचारायला हवं.

माझ्या कानाच्या पाळ्या बारशाच्या सुमारास टोचल्या, त्यांना काही झालं नाही. बुगडीसाठी वरची कड टोचली ती कॉलेजात असताना, आणि तिथंच ही गाठ धरली. घराण्यात केलॉइडची खोड असेल तर अकराव्या वर्षाआधी टोचलेल्या कानांपेक्षा नंतर टोचलेल्यांना धोका जास्त, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भोक पाडून कैक वर्षं झाली होती. आमच्या आत्याच्या खांद्यावरही अशीच एक गाठ होती. सगळे तिला चामखीळ म्हणायचे. चामखीळ नव्हे. जखम भरताना शरीर तिथं कोलॅजन, म्हणजे कातडीतलं चिवट तंतूंचं प्रथिन, भरतं. ते भरणं वेळेवर थांबलं नाही की वण उंचावतो. जखमेच्या हद्दीतच राहिला तर बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप खाली बसतो. केलॉइड मात्र शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्या शेतकऱ्यासारखं चांगल्या कातडीत सरकत जातं आणि आपणहून क्वचितच मागं हटतं. नुसतं कापून टाकलं तर निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा परत उगवतं. माझ्या आत्तेभावाचं उगवलं, पहिल्यापेक्षा मोठं.

आता तो "बर्फ". फ्रीजमधल्या बर्फाचा इथं काही उपयोग नाही. हा द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. करवीर-कागलकडच्या कुणालाही तो अनोळखी नाही: गाई-म्हशी भरवायला येणारे डॉक्टर सीमेनच्या कांड्या ज्या कॅनमध्ये घेऊन फिरतात, त्यात हाच असतो. राजारामपुरीतल्या दवाखान्यात झाकण उघडल्यावर धूर दिसला, तशी माझ्यासोबत आलेली जाऊ म्हणाली, "अगं, हे तर आमच्या गोठ्यातलं!" (नाही, गोठ्यातलं कॅन आणून घरी हा प्रयोग करायचा नाही. हेही मला विचारून झालेलं आहे.)

फवाऱ्यानं किंवा थंड टोक टेकवून गाठ पांढरीफटक होईपर्यंत गोठवतात, वितळू देतात, बहुधा पुन्हा गोठवतात. पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद पडतात आणि आतला भाग मरतो. गोठवताना झोंबतं, पण खरं दुखणं वितळताना सुरू होतं. संध्याकाळपर्यंत ठणका. एखाद्या दिवसात फोड येतो, मग पाणी वाहतं, मग खपली धरते. उशीचा अभ्रा रोज धुवायचा, हे कुणी सांगत नाही, मी सांगते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि असं बरेचदा. गोठवल्यावर थोड्या वेळानं गाठ सुजून मऊ पडते, तेव्हा तिच्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. एरवी केलॉइड इतकं टणक असतं की औषध आत शिरायला तयार नसतं. एकट्या गोठवण्यापेक्षा ही जोडी बरी, हा माझा अनुभव आणि माझ्या डॉक्टरांचंही मत. थंडीनं बोटं पांढरी-निळी पडत असतील किंवा गार पाण्यानं अंगावर गांधी उठत असतील, तर ते आधीच सांगा.

आता रंगाचं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी फार नाजूक; उणे पाचच्या आसपासच त्या मरू लागतात. वण वाढवणाऱ्या पेशी मारायला उणे तीसच्याही खाली जावं लागतं. म्हणजे गाठीपर्यंत थंडी पोचेस्तोवर वरचा रंग गेलेला असतो. काहींचा काही महिन्यांत कडेकडेनं परत येतो, काहींचा पूर्ण येतच नाही. माझ्या कानावर हरभऱ्याएवढा पांढुरका ठिपका राहिलाय. आणि आपल्याकडं पांढरा डाग दिसला की लोक आधी कोड म्हणतात, मग सोयरिकीचं बोलणं थांबवतात. हे कोड नव्हे, हा डाग पसरत नाही, मुलाबाळांत उतरत नाही. पण मांडवात कोण कुणाला समजावत बसणार? गाठ होती तेव्हा लोक कीव करायचे, आता एखादी बाई हळूच हात मागं घेते. खरं सांगायचं तर मला गाठीपेक्षा याचाच जास्त राग येतो, पण तो डागाचा नाही, त्या बाईचा.

एक दुसरी पद्धत आहे: गाठीत आरपार सुई घालून तिला आतून गोठवायचं. वरची कातडी तुलनेनं वाचते, रंग कमी जातो, फेऱ्याही कमी लागतात. सगळीकडं ती सोय नसते, पण विचारून बघा.

माझ्या छातीवर पुटकुळीच्या जागी धरलेलं आणखी एक आहे. ते मी गोठवलेलं नाही. मोठी आणि चपटी गाठ, तीही छातीवर, असली की जखम भरायला फार वेळ लागतो आणि डाग कानासारखा केसांआड लपत नाही. तिथं इंजेक्शन आणि रात्रभर सिलिकॉनची पट्टी, एवढ्यावर भागवते. खाज थांबली आहे, उंची थोडी उतरली आहे.

राहिला तो हमखास येणारा पुढचा प्रश्न: "पोरीचं लगीन ठरलंय, त्याआधी होईल का?" लग्न दोन-तीन महिन्यांवर असेल तर नका करू. हळदीला खपली असेल आणि अक्षतांना पांढरा डाग. केस पुढं घेऊन अंबाडा थोडा खाली बांधा, गाठीचं लग्नानंतर बघू.