नाशिक ते दिल्ली: ओझरवरून की मुंबईवरून? माझा अनुभव

धाकटा भाऊ गुडगावला असतो, आईला त्याच्याकडे सोडायचं होतं. एरवी मी राजधानीच पकडतो, संध्याकाळी नाशिकरोडला बसलं की सकाळी निजामुद्दीन, पण आईच्या गुडघ्यांना आता रात्रभराचा प्रवास नकोच म्हणून विमान ठरलं. घरात सगळ्यांचं एकच, मुंबईवरून जा, तिथून फ्लाइट भरपूर आणि तिकीटही कधीकधी स्वस्त पडतं.

मी आधी अंतरं काढली. ओझर (नाशिकचं विमानतळ) ते दिल्ली हवेतलं सरळ अंतर साधारण ९९० किमी आणि मुंबई ते दिल्ली ११४० च्या आसपास, म्हणजे फरक दीडशे किमीचा, तो विमान दहा-बारा मिनिटांत कापतं. तिकिटावर पण तसंच, ओझरवरून साधारण दोन तास, मुंबईवरून दोन तास दहा-पंधरा मिनिटं. आता ताशी ८०० ने ९९० किमी म्हणजे सव्वा तास व्हायला हवा ना, मग दोन तास कुठून आले? तर तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथून सुरू होते आणि दिल्लीत जागेवर थांबल्यावर संपते, त्यात रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली येणं, दिल्लीला उतरायचा नंबर लागणं सगळं आलं, शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गानेच जातं.

म्हणजे हवेत काही फार वाचत नाही, वाचतं ते रस्त्यावर! नाशिकच्या द्वारका चौकातून ओझर एअरपोर्ट वीसेक किमी, दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळायचं, पाऊण तास खूप झाला. मुंबई एअरपोर्ट १७० किमीच्या आसपास. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला तेव्हापासून कसारा घाट टाळता येतो हे खरं, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहेच, चार तास धरूनच निघावं लागतं. आईला गाडीत चार तास बसवून वर विमानात बसवायचं हे मला पटेना, ओझरचंच बुक केलं.

बुकिंग करतानाच व्हीलचेअर टाकून ठेवा, हे फार महत्त्वाचं. टर्मिनल छोटं असल्याने चालणं कमी, बॅगा देऊन सिक्युरिटी पटकन झाली, फक्त आईची काठी स्कॅनरमधून वेगळी घातली आणि तोवर तिला खुर्चीतच बसू दिलं. विमानाला शिडीऐवजी उताराचा रॅम्प लावला होता, मदतनीस मुलाने खुर्ची ढकलत थेट दारापर्यंत नेली, एक पायरी चढावी लागली नाही. मला तर फार बरं वाटलं.

एक मात्र आहे, ओझरवरून फ्लाइट मोजक्याच, रद्द झाली तर मुंबईसारखी तासाभराने दुसरी मिळत नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, म्हणून परतीचं तिकीट आम्ही फेब्रुवारीचं काढलंय.